मूळव्याध: तपासणी, घरचे उपाय, बँडिंग आणि शस्त्रक्रिया

कोरांटी

शौचाच्या वेळी रक्त दिसले की बहुतेक माणसे स्वतःच मूळव्याधीचे निदान करून मोकळी होतात, कुणाजवळ बोलत नाहीत आणि एखादे मलम आणून वर्षानुवर्षे लावत राहतात. माझ्यावर या आजाराचे उपचार झाले आहेत, घरातील आणखी दोघांवर झाले आहेत, आणि त्या निमित्ताने जे वाचले, डॉक्टरांना विचारले व जवळून पाहिले, ते एका जागी मांडावे असे वाटले. माझे म्हणणे असे आहे की मूळव्याधीच्या बहुसंख्य रुग्णांना शस्त्रक्रिया लागत नाही, पण तपासणी मात्र जवळजवळ प्रत्येकाला लागते. प्रत्यक्षात तपासणीच टाळली जाते आणि शस्त्रक्रियेची भीती पहिल्या दिवसापासून मनात बसते.

गुदमार्गाच्या आत रक्तवाहिन्या, स्नायूंचे तंतू आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या ऊती यांच्या मऊ गाद्या प्रत्येकालाच जन्मतः असतात. त्यांतल्या तीन सहसा मोठ्या असतात. गुदद्वार पूर्ण मिटावे यासाठी त्यांची गरज असते. एरवी गुदद्वारात जो दाब असतो त्यातला अंदाजे १५ ते २० टक्के वाटा या गाद्यांचा असतो. त्यांना जागेवर धरणाऱ्या ऊती सैल झाल्या की गाद्या खाली सरकतात, त्यांतले रक्त अडकून त्या फुगतात आणि कडक मळाने खरचटून रक्त येते. ही मांडणी डब्ल्यू. एच. एफ. थॉमसन या ब्रिटिश शल्यविशारदांनी १९७५ मध्ये केली आणि आजचे बरेचसे उपचार तिच्यावरच उभे आहेत. मूळव्याध म्हणजे शरीरात नव्याने उगवलेली गाठ नव्हे, हे एकदा समजले की निम्मी धास्ती कमी होते. माझी तरी झाली.

गुदमार्गात एक दंतुर रेषा असते. तिच्या वरच्या भागाला आपल्या त्वचेसारखी वेदना कळत नाही, खालच्या भागाला मात्र अतिशय तीव्रतेने कळते. त्यामुळे आतल्या मूळव्याधीत लालभडक रक्त पडते, कधी धारही लागते, पण सहसा दुखत नाही. बाहेरच्या मूळव्याधीत रक्ताची गुठळी झाली तर निळसर, टणक फुगवटा येतो आणि बसणेही अशक्य होते. आतल्या मूळव्याधीच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत कोंब, म्हणजे फुगून खाली सरकलेली गादी, आतच राहतो, दुसरीत शौचाच्या वेळी बाहेर येऊन आपोआप आत जातो, तिसरीत तो बोटाने आत ढकलावा लागतो आणि चौथीत तो आत जातच नाही. उपचार कोणता, हे बरेचसे या पायरीवर ठरते, म्हणून डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी आपला कोंब यांपैकी काय करतो ते नीट पाहून ठेवावे.

घरच्या उपायांपैकी ज्याच्यामागे खरोखर भक्कम पुरावा आहे असा उपाय म्हणजे आहारातील तंतू, म्हणजेच फायबर. फायबरच्या सात चाचण्यांचा एकत्रित आढावा २००५ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने प्रसिद्ध केला. त्यात फायबर घेणाऱ्यांमध्ये रक्तस्रावाचा धोका सुमारे निम्म्याने कमी झाल्याचे आढळले. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू पोटात जावेत असे सांगितले जाते. फळे, भाज्या, कडधान्ये आणि कोंड्यासकट धान्ये यांतून ते मिळतात, आणि तेवढे जमत नसेल तर इसबगोल आहे. मात्र इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घ्यावे, कमी मात्रेने सुरुवात करावी, आणि पोट फुगते म्हणून पहिल्याच आठवड्यात सोडून देऊ नये. रक्त थांबण्यास कित्येक आठवडे लागू शकतात. बरेच जण औषध काम करू लागण्याच्या सुमारासच ते बंद करतात, हे मला फार खटकते.

दुसरी गोष्ट शौचालयात घालवलेल्या वेळेची. शौचाची भावना आल्यावरच जावे, पाच मिनिटांत उठावे, कुंथत बसू नये. कमोडवर बसताना पायांखाली ठेंगणे स्टूल घेतले की गुडघे नितंबांच्या वर येतात, गुदमार्गाचा कोन सरळ होतो आणि जोर कमी लावावा लागतो. फोन बाहेर ठेवावा. २०२५ मध्ये कोलोनोस्कोपीसाठी, म्हणजे दुर्बिणीने मोठे आतडे तपासून घेण्यासाठी, आलेल्या १२५ जणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात शौचालयात फोन वापरणाऱ्यांमध्ये मूळव्याधीचे प्रमाण ४६ टक्क्यांनी अधिक आढळले. अभ्यास लहान आहे आणि फोनमुळेच मूळव्याध होते असे त्यावरून सिद्ध होत नाही. पण फोन हातात असला की माणूस उठत नाही, हे कोणालाही पटण्यासारखे आहे.

पाऊलवाट

माहितीबद्दल आभार. माझा त्रास थोडा वेगळा आहे. रक्त अगदी थोडे, कागदाला लागण्यापुरते येते, पण शौचाच्या वेळी काचेने कापावे तशी कळ येते आणि नंतर दोन-तीन तास आग होत राहते. त्या भीतीने मी शौचाला जाणेच लांबवतो. मूळव्याधीचे मलम लावून पाहिले, फरक पडला नाही. माझी मूळव्याध पुढच्या पायरीची आहे असे समजावे का?

तळटीप

मी शल्यचिकित्सक आहे. न तपासता निदान करता येत नाही, तरीही आपण सांगितलेले वर्णन मूळव्याधीपेक्षा फिशरशी, म्हणजे गुदद्वाराच्या कडेला पडलेल्या चिरेशी, अधिक जुळते. चिरेमुळे आतला स्नायू आकसतो, तो आकसल्यामुळे तिथला रक्तपुरवठा कमी होतो, रक्तपुरवठा कमी म्हणून चीर भरत नाही, आणि आपण दुखण्याच्या भीतीने शौच लांबवल्यामुळे मळ आणखी कडक होऊन चीर पुन्हा फाटते. हे चक्र तोडण्यासाठी मळ मऊ ठेवणे आणि स्नायू सैल करणारे मलम लावणे हे दोन्ही लागते. डिल्टियाझेम, निफेडिपिन किंवा नायट्रोग्लिसरिन असलेली मलमे यासाठी दिली जातात. ती साधारण सहा ते आठ आठवडे वापरावी लागतात आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरावीत, कारण काहींना त्यांनी डोके दुखते किंवा रक्तदाब उतरतो. मूळव्याधीसाठी मिळणाऱ्या मलमांमध्ये सहसा बधिर करणारे औषध आणि स्टेरॉइड असते. त्यांनी खाज व जळजळ तात्पुरती कमी होते, पण स्टेरॉइडचे मलम एक-दोन आठवड्यांपलीकडे लावत राहिल्यास तेथील त्वचा पातळ होते.

त्याच जागेचे आणखी दोन आजार वेगळे ओळखता आले पाहिजेत. गुदद्वाराजवळच्या एखाद्या छिद्रातून पू किंवा पाणी येत राहणे हे भगंदराचे लक्षण आहे. क्षारसूत्राचा, म्हणजे औषधी क्षार लावलेला दोरा बांधण्याचा, उपचार मुख्यतः त्या आजारात उपयोगी ठरला आहे. सतत ठणका, ताप आणि वाढती सूज असेल तर गळू झालेले असते. ते मलमाने किंवा शेकाने बरे होण्याची वाट पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून त्यातला पू काढून घ्यावा.

दूरगाव

वडील सत्तरीच्या घरात आहेत आणि हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेतात. त्यांना तरुणपणापासून मूळव्याध आहे. हल्ली रक्त पुन्हा दिसू लागले आहे, थकवाही जाणवतो. "हे माझे जुनेच दुखणे आहे," असे म्हणून ते तपासणीस तयार होत नाहीत. त्यांना काय सांगावे?

तळटीप

त्यांना असे सांगा की जुनी मूळव्याध असली तरी नवे रक्त दुसऱ्या कारणाने येऊ शकते. मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाचे निदान उशिरा होण्यामागे हे एक नेहमीचे कारण आहे: रक्त दिसते, रुग्णाला पूर्वीची मूळव्याध असते, आणि दोन्हींचा संबंध गृहीत धरला जातो. या वयात नव्याने सुरू झालेला रक्तस्राव कोलोनोस्कोपी केल्याशिवाय मूळव्याधीच्या नावावर टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. थकवा आहे म्हणता, तर हिमोग्लोबिन आजच तपासून घ्या. मूळव्याधीतून सतत थोडे थोडे रक्त जाऊनही पंडुरोग होतो, पण पंडुरोगाचे कारण मूळव्याधच आहे असे ठरवण्यापूर्वी गुदमार्गाच्या वरचे आतडे तपासलेले असावे लागते.

वयाची अट न पाहता तातडीने दाखवावे अशी लक्षणे म्हणजे डांबरासारखा काळा मळ, मळात मिसळलेले गडद रक्त, कारण नसताना घटणारे वजन, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकलेला बदल, पोट साफ होऊनही पुन्हा जावेसे वाटत राहणे, आणि जवळच्या नातेवाइकाला आतड्याचा कर्करोग झालेला असणे. कोणताही त्रास नसलेल्यांनीही या कर्करोगाची तपासणी पन्नाशीऐवजी ४५ व्या वर्षापासून करावी, अशी शिफारस अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्य सेवा कृती दलाने २०२१ मध्ये केली आहे.

रक्त पातळ करणारी गोळी त्यांनी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नये. ती थांबवायची की नाही आणि थांबवायची तर किती दिवस, हे हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक यांनी मिळून ठरवायचे असते. बँडिंग, म्हणजे कोंबाच्या मुळाशी रबराचे कडे बसवणे, करायचे झाल्यास या गोळीमुळे नंतर रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, त्यामुळे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत त्याची कल्पना द्या.

कोरांटी

बँडिंगचा उल्लेख आला आहे, म्हणून माझा अनुभव लिहिते. माझे कोंब दुसऱ्या पायरीचे होते, फायबर व मळ मऊ ठेवणाऱ्या औषधाने रक्त कमी झाले पण थांबले नाही, म्हणून डॉक्टरांनी बाह्यरुग्ण विभागातच रबर बँड लावले. भूल दिली नाही. डाव्या कुशीवर झोपून गुडघे छातीजवळ घ्यायला सांगितले, छोटी नळी आत घातली, कोंबाचे टोक ओढून घेतले आणि त्याच्या मुळाशी रबराचे बारीक कडे सोडले. त्या क्षणी टोचल्यासारखे वाटले नाही. वाटला तो दाब, आणि नंतर दिवसभर शौचाला जायची खोटी भावना. तिला बळी पडून कुंथत बसायचे नाही, हे डॉक्टरांनी आधीच बजावले होते आणि ते सांगणे फार उपयोगी पडले. रक्तपुरवठा तुटल्यामुळे बांधलेला भाग वाळतो आणि साधारण पाच ते दहा दिवसांत गळून पडतो, त्या वेळी थोडे रक्त दिसते. कडे दंतुर रेषेच्या वर बसलेले असले पाहिजे. ते खाली बसले तर लगेच तीव्र वेदना होतात. तसे झाल्यास सोसत न बसता तिथल्या तिथे सांगावे, म्हणजे कडे काढता येते.

मनाची तयारी असावी म्हणून सांगते, बँडिंग कित्येकांना पुन्हा करावे लागते. ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. तिच्यात बँडिंगची तुलना रक्तवाहिनी बांधण्याच्या शस्त्रक्रियेशी केली होती. एकदाच केलेल्या बँडिंगनंतर वर्षभरात ४९ टक्क्यांना आणि शस्त्रक्रियेनंतर ३० टक्क्यांना त्रास पुन्हा झाला. परंतु शस्त्रक्रियेत वेदना अधिक होत्या, खर्चही अधिक होता, आणि बँडिंग गरजेनुसार पुन्हा केलेले धरले तर दोन्हींतला फरक बराच कमी होत होता. हे आकडे पाहून मी पुन्हा बँडिंगच निवडेन.

उंबरा

सध्या सगळीकडे लेझरच्या जाहिराती दिसतात. "चिरफाड नाही, वेदना नाही, पुन्हा त्रास नाही," असे त्यांत म्हटलेले असते. माझे कोंब तिसऱ्या पायरीचे आहेत असे सांगितले गेले आहे. लेझर करून घ्यावे का?

तळटीप

त्या तीन दाव्यांपैकी तिसऱ्यावर विश्वास ठेवू नये. लेझरमध्ये कोंबाच्या आत लेझरचा प्रकाश वाहून नेणारा बारीक तंतू घालून उष्णतेने तो आकुंचित केला जातो. कोंब कापून काढण्याच्या तुलनेत सुरुवातीच्या वेदना कमी असतात आणि माणूस लवकर कामाला लागतो, हे खरे आहे. मात्र त्रास परत येण्याचे प्रमाण कापून काढण्याच्या शस्त्रक्रियेपेक्षा अधिक दिसते आणि दीर्घकाळचा पुरावा अजून मर्यादित आहे. तिसऱ्या पायरीतही बँडिंग करता येते, विशेषतः कोंब फार मोठे नसतील तर. म्हणून सल्ला देणाऱ्याला दोन प्रश्न विचारा: माझ्या बाबतीत बँडिंग का नको, आणि पाच वर्षांनी त्रास परतला तर पुढे काय करणार? उत्तरे समाधानकारक वाटली नाहीत तर दुसऱ्या शल्यचिकित्सकाचे मत घ्या.

बाकीच्या पद्धतींबद्दल थोडक्यात लिहितो. पहिल्या व दुसऱ्या पायरीत कोंबाच्या मुळाशी इंजेक्शन देऊन तो सुकवता येतो. यासाठी पारंपरिक औषध बदामाच्या तेलातील फिनॉल आहे, त्यामुळे बदामाची ॲलर्जी असल्यास आधी सांगावी. हल्ली पोलिडोकॅनॉलही वापरतात. ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह ओळखणाऱ्या डॉप्लर यंत्राच्या साहाय्याने रक्तवाहिनी शोधून ती बांधण्याची पद्धत जपानच्या मोरिनागा यांनी १९९५ मध्ये मांडली. स्टेपलरची पद्धत इटलीच्या लोंगो यांनी १९९८ मध्ये प्रचारात आणली. तिच्यात कोंब न कापता वर ओढून घेतला जातो. स्टेपलरचा काही काळ फार बोलबाला होता. पण ब्रिटनमधील ७७७ रुग्णांच्या चाचणीत, जिचे निष्कर्षही २०१६ मध्येच आले, पहिल्या काही आठवड्यांतील वेदना कमी असूनही दोन वर्षांच्या हिशेबात कापून काढण्याची जुनी पद्धतच सरस ठरली, कारण स्टेपलरनंतर त्रास अधिक जणांना परतला. ती जुनी पद्धत लंडनच्या मिलिगन व मॉर्गन यांनी १९३७ मध्ये मांडली होती. चौथ्या पायरीत आणि मोठ्या बाह्य कोंबांसह असलेल्या मूळव्याधीत आजही तिचाच आधार घ्यावा लागतो.

सांजवात

मी मिलिगन-मॉर्गन पद्धतीची शस्त्रक्रिया करून घेतली आहे. कोणाला घाबरवण्याचा हेतू नाही, पण "दोन दिवसांत ठीक व्हाल," असे सांगणे रुग्णावर अन्याय करणारे आहे. पहिला आठवडा कठीण जातो. जखमा उघड्या ठेवलेल्या असतात, त्या भरायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्यांदा शौचाला जाण्याची भीती प्रत्यक्ष वेदनेइतकीच मोठी असते. मला उपयोगी पडले ते असे: मळ मऊ करणारे औषध शस्त्रक्रियेच्या आधीपासून सुरू केले होते, वेदनाशामक गोळी दुखू लागल्यावर न घेता ठरलेल्या वेळीच घेत होते, आणि शौचानंतर पुसण्याऐवजी कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटे बसत होते. त्या पाण्यात काहीही घालावे लागत नाही. त्यानंतर जागा घासायची नाही, कापडाने अलगद टिपायची. डॉक्टरांनी जखमेवर लावायला मेट्रोनिडॅझोलचे मलम दिले होते, त्यानेही ठणका कमी झाला. तीव्र वेदनाशामकांपैकी अफूवर्गीय औषधांनी बद्धकोष्ठ होते, तेव्हा ती दिली गेल्यास रेचकही मागून घ्यावे.

पहिल्या रात्री लघवी अडकू शकते, हे मला कोणी सांगितले नव्हते. तसे झाले तर संकोच न करता परिचारिकेला लगेच बोलवावे.

तळटीप

सांजवात यांनी लिहिलेले प्रत्येक वाक्य रुग्णांना वाचायला द्यावे असे आहे. त्यात एवढीच भर घालतो की शस्त्रक्रियेनंतर साधारण सात ते दहा दिवसांनी, सगळे सुरळीत चालले असताना, अचानक रक्तस्राव होऊ शकतो. थोडे डाग पडणे अपेक्षित आहे. गुठळ्या पडू लागल्या किंवा चक्कर आली तर थेट रुग्णालय गाठावे. बँडिंगनंतर ताप, वाढत जाणारी वेदना आणि लघवी न होणे ही तीन लक्षणे एकत्र दिसली तर खोलवर जंतुसंसर्ग झाल्याची शक्यता असते. असे क्वचितच घडते, पण घडले तर तासाभराचाही विलंब परवडत नाही.

ओंजळ

मला आठवा महिना सुरू आहे आणि कालपासून गुदद्वाराशी निळसर, टणक फुगवटा आला आहे. खूप दुखते. बाळाला काही धोका आहे का? आणि खरे सांगायचे तर तपासणीचीच लाज वाटते.

तळटीप

बाळाला यापासून धोका नाही. आपण वर्णन केलेला फुगवटा बहुधा बाहेरच्या मूळव्याधीतील रक्ताची गुठळी असावा. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत गर्भाशयाचा दाब, बद्धकोष्ठ आणि संप्रेरकांतील बदल यांमुळे हा त्रास अनेकींना होतो आणि प्रसूतीनंतर बहुतेकींचा आपोआप ओसरतो. गुठळीचे दुखणे पहिले दोन-तीन दिवस सर्वाधिक असते. याच काळात, म्हणजे सुमारे ७२ तासांच्या आत, जागा बधिर करून गुठळी काढून टाकली तर लवकर आराम पडतो. त्यानंतर ती आपोआप विरू देणेच बरे. कालपासूनच त्रास असल्यामुळे आज दाखवण्याला अर्थ आहे. तोपर्यंत कोमट पाण्यात बसा आणि कुशीवर झोपा. औषधे मात्र, मलमासह, आपल्या प्रसूतितज्ज्ञांना विचारूनच घ्या.

कोरांटी

ओंजळ, लाज वाटणे स्वाभाविक आहे, म्हणून तपासणीत काय होते ते आधीच सांगून ठेवते. कंबरेखाली चादर पांघरलेली असते आणि तपासण्यापुरताच भाग उघडा ठेवतात. तुमच्यासारखा बाहेरचा फुगवटा असेल तर बरेचदा नुसते पाहूनच समजते. रक्तस्राव असेल तर डॉक्टर हातमोजा घालून, वंगण लावून बोटाने तपासतात आणि गरज वाटल्यास प्रॉक्टोस्कोप नावाची छोटी नळी घालून आत पाहतात; सगळे मिळून दोन-तीन मिनिटे लागतात. दुखत असेल तर "थांबा" म्हणता येते, आणि आतली तपासणी दुसऱ्या दिवसावर टाकता येते. महिला डॉक्टर हव्या असतील किंवा खोलीत परिचारिका हवी असेल तर वेळ ठरवतानाच सांगा, अशी मागणी करण्यात काही गैर नाही. फोनवर कारण सांगणे जड जात असेल तर "गरोदर आहे, गुदद्वाराशी दुखरी गाठ आली आहे, आजच दाखवायचे आहे," एवढे एक वाक्य पुरे होते. त्यापुढचे प्रश्न डॉक्टरच विचारतील.